न्यायालयाचा संयम: अमेरिकेत हा युक्तिवाद कुणाकुणाच्या हाती गेला

१९४७ च्या अखेरीस संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव घटनेचा मसुदा घेऊन अमेरिकेत गेले होते. तिथे ज्या कायदेपंडितांना ते भेटले, त्यांत सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर होते. मसुद्यातल्या 'ड्यू प्रोसेस' (कायद्याची योग्य प्रक्रिया) या शब्दांवर त्यांनी बोट ठेवलं. या शब्दांच्या आधारे मूठभर न्यायाधीश लोकप्रतिनिधींनी केलेला कायदा मोडीत काढू शकतात. हे लोकशाहीला धरून नाही आणि न्यायाधीशांवरही नको तो भार टाकणारं आहे, असं त्यांचं म्हणणं. न्यायालयाने कायदेमंडळाचे कायदे शक्यतो पाडू नयेत, हाच तो न्यायालयाच्या संयमाचा युक्तिवाद. राव परतले. डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीने फेब्रुवारी १९४८ च्या मसुद्यात ते शब्द गाळले आणि 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' ही रचना जपानच्या १९४६ च्या घटनेवरून घेतली. (ती जपानी घटना अमेरिकी लष्कराच्या अमलाखालीच तयार झाली होती!) जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचं रक्षण करणाऱ्या आपल्या अनुच्छेद २१ मध्ये आजही तेच शब्द आहेत.

स्वतःच्या देशाच्या घटनेतले शब्द इतरांनी घेऊ नयेत, असं एका अमेरिकी न्यायमूर्तीला का वाटावं?

मुळात १७८७ च्या अमेरिकी घटनेत न्यायालय कायदा रद्द करू शकतं, असं स्पष्टपणे कुठेच लिहिलेलं नाही. तो अधिकार १८०३ मध्ये 'मार्बरी विरुद्ध मॅडिसन' खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकालातून उभा केला. कायदा काय आहे हे सांगणं हे निःसंशय न्यायसंस्थेचं काम आणि कर्तव्य आहे, हे त्यांचं वाक्य तिथल्या विद्यार्थ्यांना पाठ असतं. पण काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, कायदा पुन्हा घटनाबाह्य ठरायला ५४ वर्षं जावी लागली, आणि ठरला तोही भलत्याच प्रकरणात. १८५७ मध्ये, स्वातंत्र्य मागणाऱ्या ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यातल्या निकालात सरन्यायाधीश रॉजर टॅनी म्हणाले की, काळ्या माणसांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळू शकत नाही. शिवाय केवळ गुलामगिरीला बंदी असलेल्या प्रदेशात नेलं म्हणून मालकाचा गुलाम, म्हणजे त्याची 'मालमत्ता', काढून घेणारा कायदा 'ड्यू प्रोसेस'मध्ये बसत नाही. घटना लिहिली गेली तेव्हा तिचा जो अर्थ होता तोच आपण सांगतोय, असा टॅनींचा दावा होता. न्यायमूर्ती कर्टिस यांनी विरोधी निकालपत्रात दाखवून दिलं की, घटना मंजूर झाली तेव्हा पाच राज्यांत स्वतंत्र काळे पुरुष मतदान करू शकत होते. म्हणजे टॅनींचा इतिहासही कच्चा होता. यादवी युद्धानंतर, १८६८ मध्ये, १४ वी घटनादुरुस्ती आली. कायद्याच्या योग्य प्रक्रियेशिवाय कोणाचंही जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता हिरावून घेऊ नये, हे बंधन तिने राज्यांवर घातलं. ती झाली होती गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या रक्षणासाठी. तिचा लाभ पुढची कित्येक दशकं कारखानदारांनी घेतला.

न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावात जोसेफ लॉक्नर यांची बेकरी होती. भट्टीच्या कामगारांना दिवसाला १० आणि आठवड्याला ६० तासांपेक्षा जास्त राबवू नये, असा कायदा राज्याने १८९५ मध्ये केला होता. तो मोडल्याबद्दल लॉक्नरना ५० डॉलर दंड झाला आणि प्रकरण वॉशिंग्टनपर्यंत गेलं. १९०५ मध्ये न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी कायदाच रद्द केला. मालक आणि कामगार यांना हवा तसा करार करण्याचं 'स्वातंत्र्य' १४ व्या दुरुस्तीत आहे, असं बहुमताला वाटलं. पहाटेच्या पावासाठी रात्रभर भट्टीपुढे उभा राहणारा माणूस मालकाशी वाटाघाटी करायला किती मोकळा होता, हा प्रश्न बहुमताने मनावर घेतला नाही. न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांचं विरोधी निकालपत्र जेमतेम दोन पानांचं आहे. १४ व्या दुरुस्तीने, सरकारने बाजारात हात घालू नये असं मानणारे इंग्रज विचारवंत हर्बर्ट स्पेन्सर यांच्या ग्रंथाला कायद्याचा दर्जा दिलेला नाही, असं त्यांनी सुनावलं. घटना कुठल्याही एका आर्थिक सिद्धान्तासाठी नसते, मुळातच भिन्न मतं असलेल्या माणसांसाठी ती असते, हा त्यांचा मुद्दा.

या विचाराचं बीज १८९३ मध्ये हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स थेयर यांच्या लेखात सापडतं. कायदेमंडळाची चूक इतकी उघड असावी की विवेकी माणसाला शंकाच उरू नये, तेव्हाच न्यायालयाने कायदा पाडावा, असं त्यांचं सूत्र होतं. म्हणजे संयमाची भूमिका तेव्हा सुधारकांची होती. किमान वेतनाचे, कामाच्या तासांचे कायदे वाचवणारे वकील तीच मांडत, आणि हार्वर्डचे तरुण प्राध्यापक फ्रँकफर्टर त्यांतलेच होते. १९२३ मध्ये महिलांच्या किमान वेतनाच्या कायद्यासाठी ते स्वतः सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले आणि हरले.

या संयमाची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण होम्सच्या चाहत्यांच्या लेखनात ती हमखास निसटते. १९२७ मध्ये व्हर्जिनियातल्या कॅरी बक या तरुणीची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा होम्स यांनी ८ विरुद्ध १ मतांनी उचलून धरला. कायदेमंडळाने ठरवलं ना, मग आपण कोण अडवणारे, हाच तर्क. 'मतिमंदांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या' हे वाक्यही होम्स यांचंच.

मंदीच्या काळात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचे कायदे न्यायालय एकामागून एक पाडत गेलं. १९३६ ची निवडणूक ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकल्यावर, ५ फेब्रुवारी १९३७ ला, रूझवेल्ट यांनी योजना मांडली: सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक न्यायमूर्तीमागे एक जादा नेमणूक, जास्तीत जास्त सहा. २९ मार्चला एल्सी पॅरिश या हॉटेलात खोल्या झाडणाऱ्या बाईंच्या थकलेल्या २१६ डॉलरांच्या दाव्यात न्यायालयाने किमान वेतनाचा कायदा ५ विरुद्ध ४ ने वैध ठरवला. रूझवेल्टच्या धाकाने न्यायमूर्ती ओवेन रॉबर्ट्स यांनी बाजू बदलली, ही कथा अजून रंगवून सांगतात. पण न्यायमूर्तींच्या आपसातल्या बैठकीत ते मत डिसेंबरमध्येच, योजना जाहीर होण्यापूर्वी, पडलं होतं.

इथून गाडीने रूळ बदलला. १९३८ मध्ये दुधाच्या भेसळीसारख्या प्रकरणातल्या एका तळटीपेत, निकालपत्रातल्या चौथ्या, न्यायमूर्ती स्टोन यांनी सुचवलं की, आर्थिक कायद्यांत हात घालू नये. पण राजकीय प्रक्रियाच जिथे अडवली जाते किंवा जिच्यात अल्पसंख्याकांचं ऐकलंच जात नाही, तिथे न्यायालयाने जास्त बारकाईने पाहावं. उदारमतवाद्यांची पुढची वाट या तळटीपेतून निघाली.

फ्रँकफर्टर मात्र त्या वाटेने गेले नाहीत. १९३९ मध्ये ते न्यायमूर्ती झाले. १९४० मध्ये झेंड्याला सलामी न दिल्याने शाळेतून काढलेल्या 'यहोवाज विटनेसेस' पंथाच्या मुलांविरुद्ध त्यांनी ८ विरुद्ध १ असा निकाल लिहिला. तीनच वर्षांत, १९४३ मध्ये, न्यायालयाने तो फिरवला. तेव्हा विरोधी निकालपत्रात फ्रँकफर्टर यांनी लिहिलं की, इतिहासातल्या सर्वांत छळल्या गेलेल्या अल्पसंख्याक समाजातला माणूस घटनेतल्या स्वातंत्र्यांबद्दल बेफिकीर असणं शक्य नाही. पण स्वतःचं मत घटनेत घालणं हे न्यायाधीशाचं काम नव्हे. व्हिएन्नात जन्मलेला, बाराव्या वर्षी अमेरिकेत आलेला हा ज्यू माणूस त्याच मतावर ठाम राहिला. त्याच्याभोवतीचं न्यायालय बदललं, आणि कालचा जहाल आज जुनाट ठरला.

राव भेटले ते या फ्रँकफर्टरना. त्यांचा सल्ला दिल्लीत सहज पचला नाही. १३ डिसेंबर १९४८ ला आंबेडकरांनी दोन्हीकडची भीती बोलून दाखवली: पक्षाच्या माणसांनी भरलेलं कायदेमंडळ मूलभूत हक्क पायदळी तुडवू शकतं, आणि न्यायालयात बसलेल्या पाच-सहा जणांनी आपापल्या सदसद्विवेकाने किंवा पूर्वग्रहाने कायदा चांगला की वाईट हे ठरवावं, हाही भरवसा वाटत नाही. इकडे आड, तिकडे विहीर. पुढे १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे असं म्हणून गाळलेला आशय बऱ्याच अंशी परत आणला.

अमेरिकेत १९५४ च्या 'ब्राउन' निकालाने शाळांमधला वर्णभेद ९ विरुद्ध शून्य मतांनी घटनाबाह्य ठरवला, आणि सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांच्या न्यायालयाचा काळ गाजू लागला. १९६५ मध्ये विवाहितांच्या खासगी जीवनाचा, १९७३ मध्ये गर्भपाताचा हक्क घटनेत वाचला गेला. आता संयमाची भाषा उजव्या बाजूला आली. 'हे तर लॉक्नरच!' हा आरोप परंपरावादी करू लागले. (गर्भपाताच्या निकालावर सर्वांत बोचरी टीका करणारे प्राध्यापक जॉन हार्ट इली मात्र उदारमतवादी होते.) परंपरावादी कायदेपंडित रॉबर्ट बोर्क आणि नंतर अँटोनिन स्कालिया यांनी या टीकेला सिद्धान्ताचं रूप दिलं: घटनेचे शब्द लिहिले गेले तेव्हाच्या लोकांना त्यांचा जो अर्थ कळला, तोच आज लागू. यालाच 'ओरिजिनॅलिझम' म्हणतात. १९८६ मध्ये सिनेटने स्कालियांना सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती म्हणून ९८ विरुद्ध शून्य मतांनी स्वीकारलं. पुढच्याच वर्षी बोर्क यांना ५८ विरुद्ध ४२ ने नाकारलं.

पण मूळ अर्थ आणि संयम एकच नव्हेत. न्यायाधीशाचा हात बांधायला निघालेली ही पद्धत २००८ मध्ये बंदुकीच्या हक्कासाठी शहराचा कायदा पाडायला वापरली गेली. २०२२ मध्ये तिच्याच छायेत गर्भपाताचा निर्णय राज्यांकडे परत गेला, आणि आदल्याच दिवशी न्यूयॉर्कचा बंदुकीचा कायदा रद्द झाला.

२०१५ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली, तेव्हा सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी विरोधी निकालपत्रात ड्रेड स्कॉट आणि लॉक्नर दोन्ही काढले आणि होम्स यांचं भिन्न मतांच्या माणसांबद्दलचं वाक्य उद्धृत केलं. २०२४ मध्ये, कायदा संदिग्ध असेल तिथे सरकारी यंत्रणेचं वाजवी मत मानावं हा १९८४ पासूनचा नियम न्यायालयाने मोडला. स्कालिया अनेक वर्षं त्याच नियमाचे पाठीराखे होते. या वेळी निकालपत्र रॉबर्ट्स यांचं होतं, आणि त्यात त्यांनी मार्शल यांचं १८०३ चं वाक्य वापरलं. न्यायालयीन नम्रतेच्या नियमाची जागा न्यायालयीन अहंकाराच्या नियमाने घेतली, असं विरोधी निकालपत्रात लिहिलं उदारमतवादी न्यायमूर्ती एलेना केगन यांनी.