नावाची पाटी मुलाच्या हाती देण्याआधी

आमच्या लाकडी पाटीवर मुलाचं नाव खाचा पाडून कोरलेलं असतं, ते गिरवायला. पाटी घरी आली की पहिले दोन-तीन दिवस खडू देऊच नका. नुसतं बोट फिरवू द्या. खाच ८ मिमी रुंद ठेवली आहे, तीन-चार वर्षांच्या मुलाचं बोट तिच्यात नीट बसतं. लाल ठिपक्यापासून सुरुवात करायची. पहिल्या वेळी तुम्ही त्याचं बोट धरून फिरवा, मग हात सोडा.

शिरोरेघेला लाल ठिपका दिलेला नाही, कारण ती आधी मारायचीच नाही. अक्षरं झाली की अख्ख्या नावावर एकदम, डावीकडून उजवीकडे. आधी रेघ ओढून दिली तर पोरं अक्षरं तिला चिकटवण्यातच दमतात.

मिहिर, रिया अशा नावांची पंचाईत वेगळी. ‘मि’ म्हणताना कानाला म आधी ऐकू येतो, पण पहिली वेलांटी बसते म च्या डावीकडे. मूल म काढून मोकळं होतं आणि वेलांटीला जागाच उरत नाही. रागावू नका, ते ऐकतंय तसंच लिहितंय. म काढण्याआधी डावीकडे बोटभर जागा सोडायला शिकवा. अर्णव, पार्थ यांतला रफारही असाच: उच्चार आधी, पण चढतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. तो शिरोरेघ झाल्यावर काढायचा.

चौथ्या दिवशी खडू. अख्खा नको, पेराएवढा तुकडा द्या. लांब खडू मुठीत धरला जातो, तुकडा मुठीत धरताच येत नाही, आपोआप तीन बोटांत येतो. आमच्या काउंटरवर आम्ही खडू मोडून देतो तेव्हा काही आईबाबांचा चेहरा पडतो, पण मोडतो तो यासाठी! मूल डावखुरं असेल तर पाटी जरा डाव्या हाताला सरकवा. हात बदलायला लावू नका.

दिवसाला पाच-सात मिनिटं पुरे. खाचेतून हात सराईत झाला की परातीत रव्याचा पातळ थर पसरून त्यात लिहू द्या. वही त्यानंतर. शाळेत इंग्रजीतून नाव गिरवून घेत असतील तर चालू द्या, फक्त एका बैठकीला एकच लिपी.

पाटीची ऑर्डर देताना नाव मराठीत, स्वतःच्या हातानं लिहून आणा किंवा त्याचा फोटो पाठवा. इंग्रजी स्पेलिंगवरून आम्ही एकदा ‘इरा’ची ‘ईरा’ कोरली. आजीबाई पाटी घेऊन परत आल्या आणि आम्हालाच ऱ्हस्व-दीर्घ शिकवून गेल्या. दुसरी पाटी अर्थातच आमच्या खर्चानं.

मोबाइलवर टाइप केलेल्या नावात ल आणि श पुष्कळदा हिंदी वळणाचे दिसतात. आम्ही पाकळीचा ल आणि देठाचा श कोरतो. शासनाच्या २००९ च्या निर्णयातही हीच वळणं आहेत. तेव्हा पाटीवरचा ‘नील’ मोबाइलवरच्यापेक्षा वेगळा दिसला तर ते बरोबरच आहे.

पाटी ओलसर फडक्यानं पुसा, पाण्यात बुडवू नका. लाकूड फुगलं की खाच खरखरीत होते.

एक पाटी कोरायला आठ दिवस लागतात. दसऱ्याला पाटीवर एकांची सरस्वती काढून पूजा करायची आणि त्याच दिवशी मुलाच्या हाती नावाची पाटी द्यायची, असं बरेच जण ठरवतात. पुण्यात अप्पा बळवंत चौकात अंकलिपी घ्यायला आलात की तेव्हाच येऊन जा. गणपती उठल्यावर आलेली ऑर्डर दसऱ्यापर्यंत होईलच, असा शब्द आम्ही देत नाही.