लॉटरीच्या नावाने पैसे गेले? नागपुरात तक्रार कुठे, कशी आणि कोणत्या कागदपत्रांसह करायची

‘२५ लाखांची लॉटरी लागली’ असा व्हॉट्सअॅप मेसेज येतो, नाहीतर पोस्टाने स्क्रॅच कार्ड. मग प्रोसेसिंग फी, जीएसटी, ‘रिझर्व्ह बँकेची मंजुरी’ अशा नावांनी एकेक रक्कम मागतात. महाराष्ट्र राज्य लॉटरीचे बक्षीस विकत घेतलेल्या तिकिटावरच मिळते आणि रोख बक्षिसावरचा कर त्याच रकमेतून कापला जातो. तो आधी भरायला सांगणारा माणूस भामटाच असतो.

पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करा, पोलीस ठाणे नंतर. रक्कम काही मिनिटांत दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात वळवली जाते किंवा एटीएममधून काढली जाते. १९३० वरची नोंद संबंधित बँकांकडे जाते आणि तोवर जे शिल्लक असेल ते गोठवता येते. फोन करताना खाते क्रमांक, रक्कम, तारीख-वेळ आणि यूपीआय व्यवहाराचा १२ अंकी संदर्भ क्रमांक समोर ठेवा. बँकेचा कस्टमर केअर नंबर गुगलवर शोधू नका, तिथेही बनावट नंबर असतात; पासबुक किंवा कार्डामागचा घ्या.

एसएमएसने पावती क्रमांक आला की २४ तासांच्या आत सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार पूर्ण करा. शुल्क नाही. वयस्कर आई-वडिलांच्या वतीने मुलेही माहिती भरू शकतात, पण खाते ज्याचे, तपशील त्याचाच. लागणारे कागद: आधार, पॅन, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना यांपैकी एकाची ५ एमबीपर्यंतची प्रत, व्यवहार दिसणारे बँक स्टेटमेंट, चॅटचे स्क्रीनशॉट, भामट्याचा नंबर. पत्र पोस्टाने आले असेल तर शिक्क्यासकट पाकीटही जपा. मूळ चॅट डिलीट करू नका, नंबर ब्लॉक करण्याआधी सगळे जतन करा.

फॉर्म बहुतेकदा घटनेच्या वर्णनापाशी अडतो. तिथे किमान २०० अक्षरे लागतात आणि विशेष चिन्हे चालत नाहीत, म्हणून यूपीआय आयडी त्यातल्या ‘अॅट’च्या चिन्हासह तिथे चिकटवू नका, संशयिताच्या रकान्यात द्या. आणि कृपा करून खरे लिहा. लाजेपोटी ‘पैसे आपोआप गेले’ असे लिहिले की चॅट वेगळेच सांगतात आणि तक्रार कमजोर होते. फसवले गेलात, गुन्हा तुमचा नाही.

त्यानंतर बँकेत लेखी अर्ज देऊन शिक्क्याची पोच घ्या. नागपूर शहरात राहणाऱ्यांनी शहर पोलिसांच्या सायबर ठाण्यात किंवा सीताबर्डी, सक्करदरा अशा आपल्या हद्दीच्या ठाण्यात जावे. काटोल, रामटेक, उमरेडकडच्यांनी नागपूर ग्रामीण पोलिसांकडे. ‘हद्द आमची नाही’ असे म्हटल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार शून्य क्रमांकाने एफआयआर नोंदवण्याची मागणी करा.

गोठवलेली रक्कम परत मिळवण्यासाठी न्यायालयाचा आदेश लागू शकतो. स्वतःहून पाठवलेल्या पैशांची भरपाई बँक देईलच, असे धरून चालू नका. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

तक्रारीनंतर ‘पैसे परत मिळवून देतो, फी भरा’ असा फोन आला तर तीही फसवणूकच. पैसे गेले नसतील, नुसता मेसेज किंवा कॉल आला असेल, तर तो ३० दिवसांच्या आत दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरील ‘चक्षू’ सुविधेवर नोंदवा.