फ्रीज-एसीचा गॅस : भरून घेण्याआधी हे वाचा

उन्हाळा लागला की आमच्या सांगलीच्या दुकानात फोन सुरू होतात आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं : "गॅस संपलाय, येऊन भरून जा."

ग्राहकहो, हा गॅस संपत नसतो. स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा तो जळून जात नाही. बंद नळीतच फिरतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, बाहेरच्या जाळीत तो उष्णता टाकून द्रव होतो, आतल्या कॉइलमध्ये उकळतो आणि उकळताना खोलीतली उष्णता ओढून घेतो. यंत्र धड असेल तर तोच गॅस वर्षानुवर्षं पुरतो. कमी झाला, म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती न शोधता वरून गॅस मारून देणाऱ्याचं बिल कमी येतं खरं, पण भरलेला गॅस पुन्हा हवेतच जातो.

तो हवेत गेल्यावर काय करतो, हे समजून घ्यायला शाळेतला मिथेन आठवा : एक कार्बन, भोवती चार हायड्रोजन. हे हायड्रोजन काढून त्यांच्या जागी क्लोरीन, फ्लोरीन बसवले की हॅलोअल्केन तयार होतात. दोन क्लोरीन आणि दोन फ्लोरीन बसवले की जुन्या फ्रीजमधला आर-१२. एक हायड्रोजन तसाच ठेवून एक क्लोरीन, दोन फ्लोरीन बसवले की जुन्या एसीमधला आर-२२. तो साध्या हवेच्या दाबाला उणे ४१ अंशांच्या आसपास उकळतो. कार्बन-फ्लोरीनचा बंध अतिशय मजबूत असतो. त्यामुळे आर-१२ पेटत नाही, त्याला वास जवळजवळ नसतो, तांब्याची नळी तो खात नाही. तासगावकडच्या एखाद्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये अमोनिया गळला तर नाकाला लगेच कळतं. घरातला हा गॅस मात्र गुपचूप जातो.

जो चिवटपणा यंत्रात उपयोगी, तोच आकाशात घातक ठरला. आर-१२ पावसाने धुतला जात नाही, सुमारे शंभर वर्षं हवेत टिकतो आणि हळूहळू ओझोनच्या थरापर्यंत चढतो. तिथल्या तीव्र अतिनील किरणांनी त्यातला कार्बन-क्लोरीनचा बंध तुटतो. सुटलेला क्लोरीन ओझोनमधला एक ऑक्सिजन उचलतो, पुढे तो सोडून देतो आणि पुन्हा मोकळा होतो. असा एक अणू लाखभर ओझोन रेणू मोडू शकतो. मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये हा इशारा दिला. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र जगासमोर आलं आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी ओझोन खाणारे असे गॅस हळूहळू बंद करण्याचा माँट्रियल करार झाला.

आर-२२ मध्ये हायड्रोजन असल्यामुळे त्याचा बराचसा भाग खालच्या हवेतच मोडतो. ओझोनचं नुकसान आर-१२ च्या साधारण विसाव्या हिश्शाएवढं. नंतर आलेल्या आर-१३४ए आणि आर-३२ मध्ये क्लोरीनच नाही, म्हणून ओझोनला धोका नाही. पण उष्णता अडवण्यात हे सगळेच भारी. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर एक किलो आर-२२ म्हणजे सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइड. आर-१३४ए साधारण १,४००, आर-३२ पावणेसातशे. एक लिटर पेट्रोल जाळलं की सव्वादोन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे आर-२२ चा एक किलो गळला, तर पावणेआठशे-आठशे लिटर पेट्रोल जाळल्यासारखं झालं. हा आकडा आम्ही पहिल्यांदा मांडून पाहिला, त्या दिवसापासून गळती न काढता गॅस भरणं बंद केलं.

२०१९ च्या महापुरानंतर चिखलाने भरलेले फ्रीज भंगारात जाताना आम्ही पाहिले. नळी कापली, फुस्स आवाज झाला, संपलं. कृपा करून तसं करू नका. फ्रीज मोडीत देण्याआधी आम्हाला कळवा. आम्ही गॅस वेगळ्या सिलिंडरमध्ये ओढून घेतो.

जुने मिस्त्री तांब्याची पट्टी बसवलेल्या दिव्याने गळती शोधायचे; ज्योत हिरवी झाली की क्लोरीन असलेला गॅस गळतोय असं समजायचं. पण ज्योतीत हे गॅस मोडून फॉस्जीनसारखे विषारी वायू तयार होतात. आम्ही नळीत नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने गळती शोधतो. गॅस काढून घेतल्याशिवाय नळीला जोडकामाची ज्योत (टॉर्च) लावत नाही आणि जोड झाल्यावर व्हॅक्यूम केल्याशिवाय, म्हणजे नळीतली हवा पंपाने ओढून काढल्याशिवाय, गॅस भरत नाही. याला वेळ लागतो, म्हणून मजुरी थोडी जास्त पडते.

आणखी एक. नव्या फ्रीजमध्ये बहुधा आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो हॅलोअल्केन नाही, हवामानाला जवळजवळ निरुपद्रवी, पण पेट घेणारा आहे. आर-३२ सुद्धा थोडाफार पेटतो. म्हणून एका गॅसच्या यंत्रात "चालतंय की" म्हणत दुसरा गॅस कुणालाही भरू देऊ नका.

फोन करण्याआधी यंत्राच्या मागच्या किंवा बाजूच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. गॅसचं नाव आणि वजन त्यावर छापलेलं असतं.