"पाहिलंय ना मी!"

सिंहगडावर तानाजी कड्यापाशी उभा होतो. शेजारी एक बाबा लेकीला सांगत होते, "इथूनच घोरपड वर चढली बघ, कमरेला दोर बांधून." "तुम्हाला कसं माहीत?" पोरीनं विचारलं. "अगं, पाहिलंय ना मी!" पाहिलं होतं ते पडद्यावर, पण त्यांच्या आवाजात तसूभरही शंका नव्हती.

अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी २००९ साली नेमकी हीच गोष्ट तपासली. विद्यार्थ्यांना ऐतिहासिक घटनांवरचा अचूक मजकूर वाचायला दिला, त्याच घटनांवरच्या सिनेमांचे तुकडे दाखवले आणि आठवड्यानं परीक्षा घेतली. सिनेमा मजकुराशी जुळला, तिथे उत्तरं चांगलीच सुधारली. जिथे सिनेमानं इतिहास फिरवला होता, तिथे मात्र निम्म्यापर्यंत उत्तरं सिनेमातलीच आली. उदाहरणार्थ, 'द लास्ट सामुराई'मध्ये जपानी सैन्याला अमेरिकन अधिकारी कवायत शिकवतो, प्रत्यक्षात त्या काळी फ्रेंच लष्करी सल्लागार आले होते. खरं काय ते वाचूनही मुलं चुकली. काहींना तर ती चूक मजकुरातच वाचल्याचं आठवत होतं!

याचं कारण स्मृतीच्या घडणीत आहे. एखादी गोष्ट आणि ती कुठून कळली याची खूण, या दोन्ही मेंदूत सारख्या घट्ट बसत नाहीत. खूण आधी पुसट होते. चेहरा, आवाज, घोड्यांच्या टापा असं सगळं घेऊन आलेलं दृश्य तर स्वतःच्या अनुभवासारखंच आठवतं. पुस्तकातली ओळ त्यापुढे फिकी पडते.

'सिनेमात चुका असू शकतात' अशी मोघम सूचना देऊन फारसा उपयोग झाला नाही. 'अमुक प्रसंगात अमुक चूक आहे' असं बोट ठेवून सांगितलं, तेव्हाच फरक पडला. पडद्यावरची 'काल्पनिक घटनांचा आधार घेतला आहे' ही पाटी मला म्हणूनच अपुरी वाटते.

घोरपडीची गोष्ट सिनेमाच्या कितीतरी आधी पोवाड्यानं गावोगावी नेली, आणि ती मलाही प्रिय आहे. पण ४ फेब्रुवारी १६७० च्या त्या रात्रीनंतरच किल्ल्याला सिंहगड म्हणू लागले, हे मीही कितीतरी वर्षं खरं मानत होतो. ते नाव त्याआधीच्या पत्रांतही आहे. आता भाचीला असा सिनेमा दाखवायचा असला की दिवा मालवण्याआधी एवढंच सांगतो: घोरपड पोवाड्यातली, नाव आधीचं, तानाजी मात्र खरा.