'द वेव्ह'चा परवाना: अर्ज कुठे अडतो, गाडी कुठे रुतते

अमेरिकेत युटा-ॲरिझोनाच्या सीमेवरच्या कायोटी ब्यूट्स नॉर्थमध्ये, म्हणजे लाटांसारख्या खडकांच्या 'द वेव्ह'ला, दिवसाला जास्तीत जास्त 64 जणांना सोडतात. 48 जागा आगाऊ सोडतीत, 16 रोजच्या सोडतीत. अर्ज रिक्रिएशन डॉट गव्हवर. अर्जाचे 9 डॉलर परत मिळत नाहीत. नंबर लागला तर माणशी 7 डॉलर वेगळे.

आगाऊ सोडतीतली पहिली गफलत महिन्याची. ऑक्टोबरला जायचं तर अर्ज जूनमध्येच करायचा. 1 जुलैला सोडत निघते. "अजून तीन महिने आहेत" म्हणणारे दरवर्षी हुकतात.

गट जास्तीत जास्त सहा जणांचा, आणि कडेवरचं बाळही त्यात मोजतात. परवाना दुसऱ्याच्या नावावर होत नाही. अर्ज मुलाने भरला आणि ऐनवेळी त्याला रजा मिळाली नाही, तर भारतातून आलेले आईबाबाही अडकतात. म्हणून पर्यायी गटप्रमुखाचं नाव अर्ज भरतानाच घाला.

रोजच्या सोडतीसाठी दोन दिवस आधी त्या परिसरात प्रत्यक्ष असावं लागतं. अर्ज मोबाइलवरूनच, लोकेशन चालू ठेवून. नंबर लागला की आदल्या दिवशी सकाळी सुरक्षेच्या माहितीसत्राला हजेरी सक्तीची. लोक इथेच घड्याळात फसतात: उन्हाळ्यात युटा ॲरिझोनाच्या एक तास पुढे असतं. ॲरिझोनातल्या पेज गावात पाच वाजले की युटातल्या कनॅबमध्ये सहा. मोबाइल मनाने वेळ बदलतो, त्यावर विसंबू नका. वेळ कोणत्या राज्याची, हे प्रत्येक सूचनेत ठळक छापायला काय हरकत आहे?

आता गाडी. हायवे 89 सोडल्यावर वायर पास ट्रेलहेडपर्यंत, म्हणजे पायवाट सुरू होते तिथपर्यंत, हाउस रॉक व्हॅली रोडचे आठेक मैल कच्चे आहेत. कोरड्यात उंच गाडी बरी. पाऊस पडला की चिकणमाती टायरच्या खाचांत भरते, टायर गुळगुळीत होतो आणि फोर-व्हीलसुद्धा जागच्या जागी फिरते. जुलै ते सप्टेंबर वळवासारख्या सरी अचानक येतात आणि कोरडे ओढे भरून वाहतात. भाड्याची एसयूव्ही घेतली असेल तर करारातलं कच्च्या रस्त्याचं कलम काउंटरवरच वाचा. बऱ्याच करारांत त्याला मनाई असते. मग टोइंगचा खर्च तुमच्याच खिशातून.

रस्ता खराब म्हणून तारीख बदलून मिळत नाही, पैसेही नाहीत. नेमक्या याच हट्टापायी माणसं ओल्या रस्त्यावर गाडी घालतात. कृपा करून घालू नका. निघायच्या दिवशी सकाळी रस्त्याची चौकशी करा, फोटो ओळखपत्र घ्या आणि प्यायचं पाणी सगळं सोबतच न्या, वाटेत मिळत नाही.