आबांची उतरंड आणि कोयनेचा भूकंप

'एवढं लख्ख आठवतंय म्हणजे खरंच असणार, डोक्यात रेकॉर्डिंगच झालेलं असतं' असं आपल्याकडं सर्रास म्हणतात, पण ते तसं नसतं. आमचे आबा 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपाचं सांगायचे, पहाटे चारच्या पुढं पाटणच्या घरात उतरंड कशी कोसळली, वरचं गाडगं पायावर कसं फुटलं. आणि आत्या म्हणायची, अरे तू तवा मुंबईला मिलमध्ये होतास की! शेवटी ट्रंकेत आबांच्याच अक्षरातलं कार्ड घावलं, मुंबईहून, 'घरची खुशाली कळवा'. आबा खोटं बोलत नव्हते हो, ऐकलेलं इतक्यांदा सांगितलं की त्यांचंच झालं.

1986 ला चॅलेंजर हे अंतराळयान फुटलं तवा अमेरिकेत नायसर आणि हार्श या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी दुसऱ्याच दिवशी कॉलेजच्या पोरांकडनं लिहून घेतलं की बातमी कुठं, कशी कळली. अडीचेक वर्षांनी परत विचारलं तर 44 पैकी 11 जणांचं सगळंच चुकलं, तरी खात्री मात्र भरपूर! स्वतःचं अक्षर दाखवलं तरी जुनी आठवण परत आली नाही. कारण मेंदू दरवेळी आठवण नव्यानं जुळवतो, त्यात नंतर ऐकलेलं मिसळतं.

आबा शेवटपर्यंत पायावरचा वण दाखवायचे. तो कशाचा, देव जाणे.