नूतनीकरण केलेलं जुनं घर घेताय? आधी बेसमेंटमध्ये उतरा

न्यू जर्सीतल्या एडिसन, पिस्कॅटवे, पार्सिपनी या भागांत 1950-60 च्या दशकांतली रँच, केप कॉड आणि स्प्लिट-लेव्हल घरं नव्या रंगरूपात विक्रीला येतात. पांढरी कॅबिनेट, क्वार्ट्झचा ओटा, चकाचक बाथरूम. घर बघायला गेलं की पाय पहिल्यांदा स्वयंपाकघरात थबकतात. आम्ही घरतपासणीचं काम करतो. आमचं सांगणं एवढंच, की ओटा बघून झाला की जिना उतरून खाली चला. नवं काय बसवलंय ते फोटोत दिसतंच. जुनं काय तसंच ठेवलंय ते बेसमेंटमध्ये कळतं.

न्यू जर्सीत सगळ्यात महागात पडणारी गोष्ट अंगणात पुरलेली असते: तेलाची टाकी. त्या काळी बरीच घरं हीटिंग ऑइलवर चालायची. पुढे गॅस आला आणि लोखंडी टाकी मातीतच राहिली. ती गंजून तेल झिरपलं, तर माती उपसून साफ करायला हजारो डॉलर लागतात. तेल भूजलापर्यंत पोचलं तर त्याच्या कितीतरी पट. घर तुमच्या नावावर झालं की ही जबाबदारीही तुमच्याकडे येते आणि नेहमीच्या घरविम्यात हा खर्च सहसा बसत नाही. बाहेरच्या भिंतीलगत जमिनीतून वर आलेला टोपणवाला पाइप ही एक खूण. नवं साइडिंग लावताना तो अनेकदा कापला जातो. मग बेसमेंटच्या भिंतीत बघा: तोंड चेपून सोडलेल्या तांब्याच्या बारीक नळ्या दिसल्या, तर टाकीची चौकशी झालीच पाहिजे. खुणा नसल्या तरी यंत्राने जमीन तपासून घ्या, म्हणजे ‘टँक स्वीप’. ‘टाकी काढली’ असं विक्रेता म्हणाला, तर टाउनशिपचं, म्हणजे स्थानिक पालिकेचं, परमिट आणि मातीच्या चाचणीचा अहवाल मागा.

परमिट मागण्याचं इतर मोठ्या कामांनाही लागू आहे. स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत पाडून घर मोकळं केलेलं छान दिसतं, पण त्या भिंतीवर छताचा भार होता का? असेल तर त्या जागी बीम हवा, आणि तो टाउनशिपच्या इन्स्पेक्टरने पाहिलेला हवा. ‘ओप्रा’ या सरकारी कागदपत्रं मागण्याच्या न्यू जर्सीच्या कायद्याखाली अर्ज केला की त्या पत्त्याची परमिटं कुणालाही मागता येतात. उत्तराला सात कामकाजाचे दिवस लागू शकतात आणि करारानंतरचा अॅटर्नी रिव्ह्यू, म्हणजे वकिलाने करार तपासायची मुदत, असते तीनच कामकाजाच्या दिवसांची. म्हणून घर मनात भरलं त्याच दिवशी अर्ज टाका.

आउटलेट तीन छिद्रांचं, पण मागे अर्थिंगची तारच नाही, हेही आढळतं. साध्या टेस्टरने ते लगेच कळतं. सांडपाण्याची लाइन कॅमेऱ्याने बघून घ्या, कारण जुन्या मातीच्या पाइपांत झाडांची मुळं शिरतात. रेडॉन या जमिनीतून घरात शिरणाऱ्या किरणोत्सारी वायूची चाचणी कराच. 4 पिकोक्युरी प्रति लिटर किंवा त्याहून जास्त आलं तर उपाय करावा लागतो. 1978 आधीच्या घरात शिशाचा रंग असू शकतो. जुन्या 9 इंची फरश्यांत बहुधा फुप्फुसांना घातक अॅस्बेस्टॉस असतं. त्या शाबूत असतील तर हात लावू नका.

या घरांबद्दल आमचं मत वाईट नाही. ओकचं फ्लोअरिंग आणि ऐसपैस अंगण नव्या टाउनहाउसमध्ये मिळत नाही. अहवालात दोष निघाले तरी घर सोडायलाच हवं असं नाही. दुरुस्तीचा अंदाज घेऊन तेवढी किंमत कमी करून मागता येते. टाकीत गळती निघाली, तर मात्र सफाई आणि तिची कागदपत्रं पूर्ण होईपर्यंत क्लोजिंग, म्हणजे खरेदीचा शेवटचा व्यवहार, करू नका.

तपासणीच्या वेळी स्वतः हजर राहा. प्रत्येक गोष्ट आम्ही तुम्हाला जागेवर, मराठीत समजावून सांगू.